ठेवीतलं दुःख

आई गेली तेव्हा मी घरी नव्हते. म्हणजे तिच्या खाटेला खुर्ची लावून बसले होते, तिचा हात माझ्या हातात होता, शेवटचा श्वास मीच ऐकला. पण आईच्या भाषेत सांगायचं तर मी घरी नव्हते.

ही भाषा तिला तिच्या कामाने दिली होती. आई कृत्रिम डोळे बनवायची. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला अशी माणसं आमच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी येऊन बसत. दाताचे डॉक्टर वापरतात तसल्या लगद्याने ती खोबणीचा साचा घ्यायची, त्यावरून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा डोळा घडवायची आणि मग बुबुळ रंगवायला घ्यायची, थरावर थर, प्रत्येक थर वाळू देत. पांढऱ्या भागातल्या शिरा मात्र ती रंगवत नसे. लाल रेशमी धाग्यातला एकेक तंतू सुटा करून चिकटवायची. रंगाचं काम फक्त दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली रंग खोटं बोलतात, असं तिचं म्हणणं. समोर बसलेल्या माणसाच्या उरलेल्या डोळ्याकडे ती इतका वेळ बघत राही की माणसं अवघडून जात. "वटारू नका हं," आई म्हणायची, "तसले मला बनवता येत नाहीत." मग ती हसत, आणि आई तो हसरा डोळा मनात टिपून घ्यायची.

अशा बाईपासून काय लपून राहणार? शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून दर महिन्याला, पाळीच्या आधी, मी दुसरीच कुणीतरी होत असे. चिडचिड सगळ्याच बायकांची होते, असं लोक सांगत. ही चिडचिड नव्हती. प्रत्येक माणूस मला निव्वळ सहन करतो आहे, मी नसते तर सगळे सुटतील, याची मला खात्री असे. शंका नव्हे, खात्री, पाठ केलेल्या पाढ्यासारखी. मग पाळी येई आणि लवकरच एका सकाळी ती खात्री पुसून गेलेली असे. मागे खडूचा डागही नाही. त्या वाईट दिवसांत आई माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवायची, डोळ्यांत बघायची आणि म्हणायची, "आत्ता तू घरी नाहीस. येशील. तोवर एवढं घासून दे."

पॉलिशचं काम माझ्याकडे होतं. कापडी चाकावर ओली भुकटी लावून डोळा अलगद धरायचा. "चकचकीत नको," आई मागून सांगायची, "ओला दिसायला हवा."

माझ्या आजाराला नाव आहे हे फार उशिरा कळलं. पीएमडीडी. डॉक्टरबाईंनी कागदावर एक लाट काढून समजावलं होतं की शरीरातली भरती-ओहोटी इतर बायकांसारखीच आहे, तुझ्या मेंदूला तेवढं ते पाणी फार लवकर बाधतं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई हातातला कुंचला खाली न ठेवता म्हणाली, "बरं झालं. नाव असलं की हाक मारता येते. हाकलताही येतं."

हाकलता आलं नाही, पण औषधांनी थोडा फरक पडला. आणि डॉक्टरबाईंनी मला याच आजाराच्या बायकांच्या त्यांच्या ऑनलाइन गटात घेतलं.

गट शनिवारी दुपारी भरतो. पडद्यावर चौकोनात चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात कुणाची तरी खोली. खरी नावं घ्यायची नाहीत असा नियम आहे, त्यामुळे कामावरूनच हाका पडल्या. क्रेनवाली बंदरात क्रेन चालवते. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करून ती वरच्या केबिनमधूनच बसते, त्यामुळे तिच्या मागे भिंत नसते, नुसतं आकाश असतं. वाईट दिवसांत ती स्वतःहून खाली जमिनीवरचं काम मागून घेते, तेव्हा तिच्या मागे पत्र्याची शेड दिसते आणि आम्हाला न सांगता कळतं. गणितबाई शाळेच्या सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या नकाशांच्या आड बसते. बेकरीवाली मैद्याच्या पोत्याला फोन टेकवते, म्हणून आम्हाला तिचा चेहरा नेहमी खालून दिसतो. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, तेव्हा मी प्रूफवाली. आणि आजार म्हणजे भाडेकरीण. भाडं न देता येते, भांडी फोडते, जाताना दारही ओढून घेत नाही.

या गटाची एक रीत आहे. ठेव.

वाईट दिवसांत जे काही करून टाकावंसं वाटतं, ते करायचं नाही. गटातल्या अशा बाईकडे ठेवायचं, जिचे दिवस तेव्हा चांगले चालू आहेत. ती ऐकून घेते, वाद घालत नाही, समजूत काढत नाही. भाडेकरीण गेली की ती ठेव परत करते आणि फक्त दोन शब्द विचारते. "अजून हवं?" अपवाद एकच. जिवाचा प्रश्न असेल तर तो ठेवीत घेतला जात नाही. तो तिथल्या तिथे, डॉक्टरबाईंसमोर, आणि आपल्या घरातल्या एका माणसाला फोनवर घेऊन.

बाकी काहीही चालतं. गणितबाई दर महिन्याला राजीनामा ठेवते.

"मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटणार आहे," ती म्हणते.

पुढे केव्हातरी क्रेनवाली विचारते, "अजून हवा?"

"राजीनामा नको. आपटणं मात्र हवं होतं गं."

बेकरीवालीने एकदा ठेवलं होतं की नवऱ्याला भट्टीत घालावंसं वाटतंय. क्रेनवालीने गंभीरपणे विचारलं, "किती डिग्रीवर?" बेकरीवाली रडता रडता म्हणाली, "मंद आचेवर," आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की डॉक्टरबाईंना कॅमेरा बंद करावा लागला.

मोडलेली लग्नं, कापून टाकलेले केस, तोडलेली नाती, कायमची सोडलेली शहरं अशा किती गोष्टी त्या बायकांकडे सांभाळायला होत्या. आणि परत घेताना प्रत्येकीचं उत्तर तेच. नको, राहू दे. ज्याच्यासाठी आठवडाभर जळत होतो ते हातात आल्यावर राख असायचं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत, माणसाच्या मनाबद्दलची तर जरा जास्तच. पण एका बाईने दुसऱ्या बाईचं वादळ आठवडाभर पदरात बांधून ठेवावं, आणि मग जिचं तिने ते हसत विसर्जित करावं, यासारखं काही मी कुठे वाचलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा देवळात उभं असल्यासारखी मी गप्प झाले होते.

आईला ही रीत सांगितली तेव्हा तिला फार आवडली होती. "अगदी आमच्या बाहुलीसारखं," ती म्हणाली. खऱ्या डोळ्याची बाहुली उजेडाप्रमाणे लहानमोठी होते, बनवलेल्या डोळ्याची जन्मभर एकाच मापाची राहते. म्हणून आई एका भेटीत ते माप कधी ठरवत नसे. माणसाला सकाळी बघायची, भर दुपारी बघायची, आभाळ भरून आलेलं असताना पुन्हा बोलवायची. "एकदा बघून माणूस समजला असं वाटलं," ती म्हणायची, "की डोळा चुकलाच म्हणून समज."

तर, ती गेली तेव्हा भाडेकरीण माझ्या घरात होती.

अंत्यविधीनंतरच्या शनिवारी मी गटात बसले. सगळ्यांना कळलं होतं. बेकरीवाली पदराने डोळे पुसत होती, तिच्या गालावर मैदा लागला होता. मी मात्र कोरडी होते. माझ्या छातीत काहीतरी अवजड पडून होतं आणि ते नेमकं काय आहे हे मला ओळखू येत नव्हतं. त्याचा आवाज ओळखीचा होता. काही उरलं नाही, तू कुणाची नाहीस, आता सगळं संपलं. हे तर मी दर महिन्याला ऐकत आले होते. कधी कुणी चहाला बोलावलं नाही म्हणून, कधी नुसतंच. आज आई गेली म्हणून तोच आवाज, तेच शब्द. दुःखाचेही शब्द भाडेकरणीकडून उसने घ्यावे लागावेत?

"मला काहीतरी ठेवायचंय," मी म्हटलं.

"सांग," क्रेनवाली म्हणाली. तिच्या मागे आकाश होतं.

"आई गेल्याचं जे काही वाटतंय ते. ते माझं आहे की भाडेकरणीचं, मला कळत नाही. ते ठेवून घे."

डॉक्टरबाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतर कुणीही, रस्त्यावरचा कुणीही माणूस म्हणाला असता, अगं वेडे, आई गेलीय, रड. पण आम्ही सगळ्या एकाच शाळेत शिकलेल्या होतो. त्या दिवसांतल्या कुठल्याच भावनेवर विश्वास ठेवायचा नाही, हा आमचा पहिला धडा होता आणि त्याने आमच्यातल्या कितीकींना जगवलं होतं.

"घेतलं," क्रेनवाली म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता. "माझ्याकडे आहे. नीट ठेवते."

त्या आठवड्यात ताईचा दोनदा फोन आला. ताई माझ्याहून मोठी, दोन चौक पलीकडे राहते, आणि रडायचं असलं की भांडते. आईच्याच व्यवसायातले एक वयस्कर मास्तर होते. आईची हत्यारं, रंग, साचे घ्यायला ते तयार होते. आईच्या हातून एक डोळा अर्धा राहिला होता, पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचा. तो पुरा करून द्यायलाही ते तयार होते. फक्त मी हो म्हणायचं होतं, कारण खोली माझ्या घरात होती.

"सांग ना एकदाचं, धाकटे," ताई म्हणाली. "त्या बाई काळा चष्मा लावून हिंडतायत."

"मला थोडे दिवस दे."

"कशाला? पाळी यायला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोल की. आई गेल्याचं दुःखसुद्धा तू कॅलेंडर बघून करणार का?" आणि मग, आवाज फुटत, "मी एकटीच रडतेय गं इथे. वेड्यासारखी. तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण तिला कसं सांगणार, की डोळ्यांत अश्रू नाहीत याची मला भीती नव्हती? मला भीती त्या सकाळची होती. माझ्या आयुष्यातली प्रत्येक मोठी भावना त्या सकाळी राख झाली होती. राग, तिरस्कार, निराशा, सगळं. ती सकाळ येईल, मी डोळे उघडीन, छातीवर हात ठेवून बघीन आणि आई गेल्याचं दुःखही तिथे नसेल. डाग न ठेवता पुसलेलं. मग समजायचं काय? की आईवरची माया हीसुद्धा त्या पाण्याचीच एक लाट होती? मला ती सकाळ यायला नको होती. आयुष्यात पहिल्यांदा भाडेकरणीने थोडं थांबावं असं मला वाटत होतं.

ती थांबली नाही. पाळी आली, आणि शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा ती गेलेली होती.

हे उठणं कसं असतं ते मला आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. दिवसभर घरघरणारा पंखा कुणी बंद करतं आणि तेव्हा कळतं की तो चालू होता, त्यातलं काहीतरी. खालच्या रस्त्यावर कुणी शटर वर केलं आणि तो आवाज फक्त शटरचा होता, माझ्याविरुद्ध नव्हता. चादरीचा रंग निळा होता. मी कुणावर ओझं नव्हते. इतक्या वर्षांनंतरही त्या सकाळी माझे डोळे दिपतात. देहात एक नळ फिरतो आणि जग परत मिळतं. त्या नळापुढे हात जोडावेत की त्याला शिव्या द्याव्यात हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पडून राहिले. छातीवर हात ठेवायचं धाडस होईना.

मग उठून आईच्या खोलीत गेले. खिडकीतून सपाट, शांत उजेड येत होता, कामाचा उजेड. ताटलीत पोहणाऱ्या बाईंचा डोळा होता. तपकिरी बुबुळ, कडेला हिरवट झाक, आईच्या हातचे थर. एका बाजूच्या शिरा चिकटवून झाल्या होत्या, दुसरी बाजू कोरी होती. रेशमाचा एक लाल तंतू चिमट्याच्या टोकाला तसाच होता. तिने तो सुटा केला असणार आणि कुणीतरी हाक मारली असणार, किंवा छातीत कळ आली असणार. मी त्यावर फुंकर पडू नये म्हणून श्वास धरला.

आणि तेव्हा ते आलं. राख नव्हती ती. जे आठवडाभर छातीत होतं त्यातला सगळा गाळ खाली बसला होता. मी नालायक, मी नकोशी, माझं काही उरलं नाही, हे सगळं वाहून गेलं होतं, दर महिन्याला जातं तसंच. आणि ते गेल्यावर मागे एक गोष्ट उभी होती, स्वच्छ, कडा स्पष्ट असलेली, तसूभरही लहान न झालेली. आई गेली. हा तंतू ती आता चिकटवणार नाही. माझी हनुवटी धरून उजेडाकडे कुणी वळवणार नाही.

गिऱ्हाइकांसाठीचा आरसा खिडकीशी टांगलेला होता. नवा डोळा बसवल्यावर माणसं पहिल्यांदा स्वतःला त्यात बघत. कित्येकजण तिथेच रडत आणि आई तेव्हा मुद्दाम चहा करायला आत जात असे. मी माझीच हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि आरशात बघितलं. तिने बघितलं असतं तसं, घाई न करता. डोळे लाल होते, ओले होते, चकचकीत नव्हते. मी घरी होते.

दुपारी गटात सगळ्याजणी वेळेआधी आल्या होत्या. हे कधी होत नाही. बेकरीवालीने फोन पोत्यावरून काढून हातात धरला होता, त्यामुळे पहिल्यांदाच तिचा चेहरा सरळ दिसत होता. क्रेनवालीने केबिनची काच पुसली, डबा बाजूला ठेवला, आणि जणू काही खरोखर हातात धरून आणलं असावं तशी दोन्ही हात पुढे करून बसली.

"तुझी ठेव," ती म्हणाली. दोन शब्दच विचारायचे असतात, पण ते तिच्या तोंडून लवकर निघेनात. "प्रूफवाली, अजून हवं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. मला तेव्हा उमगलं की ही भीती माझ्या एकटीची नव्हती. दर महिन्याला आपलंच मन खोटं ठरलेलं बघणाऱ्या प्रत्येक बाईच्या पोटात ती असते. आपल्यात खरं असं काही आहे का? वाईट दिवसांत वाटलेलं काहीतरी, एखादी तरी गोष्ट, चांगल्या दिवसांच्या उजेडात टिकेल का?

"हो," मी म्हटलं. "हवं आहे. माझंच आहे ते."

क्रेनवालीने हात खाली घेतले. ती मान वळवून काचेबाहेर बघत राहिली, रडत असल्याचं तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तिच्या मागच्या आकाशातून एक पक्षी गेला आणि दुसऱ्या काचेच्या कडेला दिसेनासा झाला. बेकरीवाली कधीपासून काहीतरी पुटपुटत होती. नीट ऐकल्यावर कळलं की ती नुसतं "अगं बाई, अगं बाई" म्हणत होती, जन्मलेलं मूल पहिल्यांदा बघताना म्हणतात तसं.

"इतकी वर्षं ठेवी सांभाळतेय," क्रेनवाली शेवटी म्हणाली, "परत नेणारी तू पहिलीच. जड होतं गं तुझं. आमचे कंटेनर बरे."

"मी त्या दिवशी अडवायला हवं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "मग मला कधीच कळलं नसतं."

मी रडत होते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावरचे ते डोळे मी एकेक करून बघितले, इतक्या शनिवारांत कधी बघितले नव्हते असे. क्रेनवालीच्या बाहुल्या आकाशाच्या उजेडाने बारीक झालेल्या, डॉक्टरबाईंच्या चष्म्याआडच्या, बेकरीवालीचे डोळे भट्टीच्या धगीने लाल. एकही जोडी दुसरीसारखी नाही. आई आयुष्यभर रोज हे बघत होती. आणि रोज संध्याकाळी हात धुऊन, साधी बाई होऊन, आमच्यासोबत जेवायला बसत होती.

गणितबाई तेवढी बोलली नव्हती. तिच्या चौकोनात नकाशेच जास्त दिसत होते.

"मला ठेवायचंय," ती एकदम म्हणाली. "प्रूफवालीकडेच."

"सांग."

"हे सगळं ऐकून मला काही वाटलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. तुझी आई गेली आणि मी मनात म्हणत होते, ही कधी संपवतेय. मी दगड आहे. माणूसच नाहीये मी." तिने शेजारच्या नकाशाची गुंडाळी उगाच घट्ट केली. "बघ, घेणार असशील तर."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. अंधाऱ्या खोलीत बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि त्यांच्यामागे कुणी नव्हतं. ती घरी नव्हती.

"दे," मी म्हटलं. "घेतलं. माझ्याकडे आहे."

गट संपला. क्रेनवालीची सुट्टी संपल्याचा भोंगा तिच्याआधी आम्हालाच ऐकू आला आणि ती "चला, कंटेनर वाट बघतायत" म्हणून गेली. पडदा काळा झाला. मी आईच्या खुर्चीत बसून ताईला फोन लावला. मास्तरांना इथेच बोलवू, तिच्या खिडकीत बसूनच त्यांना तो डोळा पुरा करू दे, मग न्यायचं ते नेऊ दे, हे सांगायचं होतं. तिने फोन उचलला आणि ते सगळं मागे राहिलं.

"ताई," मी म्हटलं, "आई गेली गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"ये इकडे," ताई म्हणाली. "घरीच आहे मी."